तीन जोड्यांचा पूल

कामिसे, ८ एप्रिल १९७८

तेइजी यांस,

पत्राची सुरुवात ऋतूची चौकशी करून करायची, अशी आपली रीत आहे. तर चेरी फुलली आहे. झाली रीत पाळून.

नऊ वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही आणि आजही लिहिली नसती. पण पूल समितीचे निशिओका आठवडाभर रोज दुकानात येऊन बसतायत. डांगोची एक काडी मागवतात, तिच्यावरचे पिठाचे तीन गोळे दुपारभर चघळतात आणि उठताना म्हणतात, "इकुयोबाई, त्या पत्राचं तेवढं बघा." समितीच्या पत्रांना तुम्ही उत्तरच दिलं नाहीत म्हणे. मी म्हटलं, उत्तर न देणं हेच त्यांचं उत्तर असतं, माझ्याएवढा अनुभव कुणाला नसेल. पण निशिओका पडले साकेवाले. झिंगलेल्या गिऱ्हाइकाला घरी पाठवायची त्यांना सवय आहे, स्वतः उठायची नाही. म्हणून लिहितेय.

पुराने नेलेला सागी नदीवरचा आपला पूल पुन्हा उभा राहतोय. तीन कमानी, पूर्वीसारख्याच, सगळ्या लाकडाच्या. सध्या बांबूच्या परांच्या आणि कापडं लावून झाकलाय. यंदा फुलं बघायला आलेले लोक पुलाकडे पाठ करून फोटो काढतायत. तीन नोव्हेंबरला, शरदाच्या मिरवणुकीच्या दिवशी तो खुला होईल, आणि त्याच्यावरून पहिल्यांदा चालायला समितीला एकाच घरच्या तीन जोड्या हव्या आहेत. आजा-आजी, आई-बाप, मुलगी-जावई. सगळे हयात आणि सगळे जोडीने. ज्या घरात तीन पिढ्यांच्या जोड्या तुटल्या नाहीत ते घर आधी चाललं की पूलही तेवढा टिकतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्ही इथलेच.

त्यांनी सगळं गाव चाळलं. कुठे आजी गेलेली, कुठे बाप गेलेला, कुठे पोरगा तोक्योत जाऊन लग्नाचं नाव काढत नाही. आपल्या काठावर उरलं एकच घर. मिहोचं लग्न गेल्या शरदात झालं, तुमची तार पोचली होती. मामंजी आणि सासूबाई आहेत. आणि गावच्या नोंदीत तुम्ही-मी अजून नवरा-बायको आहोत.

मी निशिओकांना विचारलं, "मधली जोडी कुठेय? मधे मी एकटी आहे."

"नोंदीत आहे ना," ते म्हणाले. "पूल नोंद बघतो बाई, मनात कोण शिरतंय?"

खरी गोम मामंजींची आहे. मागचा पूल बांधला तेव्हा ते लहान होते. बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी तीन जोड्या चालताना पाहिल्या, आणि तेव्हापासून त्यांच्या डोक्यात बसलंय की एकदा आपल्या घरानेही तसं चालावं. आता आयुष्याच्या टोकाला हा मान दारात आलाय. रोज सकाळी अंगणात काठीशिवाय चालायची सवय करतात. काल पर्सिमनच्या झाडापर्यंत गेले आणि येताना हात धरायला त्यांनी मला हाक मारली. सासूबाईंचं वेगळंच. "यांच्याबरोबर मी चालायचं? हे नेहमी पुढे निघून जातात आणि मग मागे वळून मला उशीर झाला म्हणून ओरडतात." दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे तुम्ही विसरला नसाल. मामंजी समोर बसलेले असतात आणि सासूबाई मला सांगतात, "यांना सांग, चहा निवतोय." अशी ही आपली न तुटलेली पहिली जोडी.

तर समितीच्या वतीने विचारते, येता का. आणि माझ्या वतीने सांगते, नाही म्हणा. एका दिवसाचा संसार मांडून गावाला दाखवायची मला हौस नाही. तुमच्या शेजारी उभी राहून मी हसले तर ते खोटं, आणि नाही हसले तर गाव म्हणणार, म्हणूनच गेला बिचारा. मी मामंजींना नाही म्हणू शकत नाही. तेवढं एक तुम्ही करा, मुलगा आहात त्यांचा. पत्र त्यांच्याच नावाने पाठवा. त्यांना आता अक्षरं दिसत नाहीत, आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवते.

इकुयो


कामिसे, १९ जून

तेइजी यांस,

तुम्ही येतो म्हणून लिहाल असं वाटलं नव्हतं, आणि तेही मला लिहाल असं तर नव्हतंच. पाकिटावर माझं नाव बघून पोस्टमननेही दोनदा बघितलं.

तुम्ही विचारलंय त्याची उत्तरं देते. पर्सिमनचं झाड आहे. पुराचं पाणी खोडापर्यंत आलं होतं, पण ते हललं नाही. डांगोची चव तीच आहे, सोया मी अजून तसाच शेवटी करपवते. लोक म्हणतात करपलाय, मी म्हणते मग खाऊ नका, आणि ते खातात. नदीवर पाणकावळ्यांची मासेमारी सुरू झालीय. संध्याकाळी होड्यांवर जाळ पेटवतात आणि बाहेरगावची माणसं पाण्यात वाकून वाकून ओरडतात. पक्ष्याने पकडलेला मासा माणूस त्याच्या गळ्यातून काढून घेतो, हे बघायला एवढी गर्दी. मी रोज घरात बघत होते, मला नवल नाही.

समितीने तालमी सुरू केल्यात. देवळाच्या आवारात निशिओकांनी चुन्याने पूल आखलाय, त्याच्यावरून आम्ही चालतो. मामंजी आणि सासूबाई पुढे, मधे मी, मागे मिहो आणि शुन्जी. तुमच्या जागी त्यांनी मला बांबूचा झाडू धरायला दिलाय. झाडू बरा चालतो. बेताने चालतो, आणि वाटेत थांबून इतर बायकांशी बोलत नाही. मिहो हसून हसून खाली बसली. तिला इतकं हसताना बऱ्याच दिवसांनी पाहिलं. जावई बिचारा समितीसमोर गंभीर राहायचा प्रयत्न करत होता, तर सासूबाई म्हणाल्या, "हास रे, आपल्याच घरचा झाडू आहे."

तुमची हाकामा, ती सणाची घोळदार विजार, बाहेर काढली. कसरीने एका बाजूला खाल्ली होती, ती मी रफू केली, कळणार नाही. माझा काळा किमोनोही दोरीवर टाकला होता. पावसाच्या आधी कपड्यांना हवा द्यावीच लागते, त्यात विशेष काही नाही. वरच्या खोलीतल्या चटया बदलल्या, त्या बदलायलाच झाल्या होत्या. तिथून आता नवा पूल दिसतो. झोपायला तुम्हाला तीच खोली, हे सांगून ठेवते, उगीच सराईत उतरायचा विचार करू नका. गाव बोलेल.

आणखी एक. दुकानात सणाच्या दिवसांत एकटीचं काम उरलेलं नाही. पोरी ठेवल्या तर त्या टिकत नाहीत, माझं तोंड त्यांना सोसत नाही. हे नुसतं माहिती म्हणून कळवतेय. त्याचं उत्तर पाठवायलाच हवं असं नाही.

मामंजी काल झाडापर्यंत जाऊन हाक न मारता परत आले. आल्यावर आपण काही विशेष केलंच नाही असं तोंड करून बसले, पण चहा दोन कप प्यायले.

पाऊस थांबत नाहीये. तुमच्याकडे कोबेला कसा आहे?

इकुयो


कामिसे, १७ ऑगस्ट

तेइजी,

काल नदीत पितरांचे दिवे सोडले. गेलेली माणसं आली, जेवली आणि दिव्यांबरोबर परत गेली. निदान ती दर वर्षी ठरल्या दिवशी येतात आणि जातानाही सांगून जातात.

परवा तुमचं पत्र आलं. या वेळी मामंजींच्या नावाने होतं. मी नेहमीसारखी त्यांच्या शेजारी बसले आणि वाचायला लागले. सासूबाई शेंगा सोलत होत्या. तुमचं अक्षर अजून देखणं आहे, वाचताना कुठे अडखळायला होत नाही. म्हणून मी अडखळले नाही. सगळं वाचलं.

"बाबा, मी मिरवणुकीच्या सकाळी येईन आणि दुपारच्या गाडीने परत जाईन. फुमिको बरोबर येते आहे. तिला कामिसेचा शरदातला सण बघायचाच आहे, ती काठावरून बघेल. इकुयोला याचा त्रास होऊ नये. तिच्या पत्राचा सूर मला जरा वेगळा वाटला. तुम्ही वडीलधारे आहात, तिला भलती आशा लावून घेऊ देऊ नका."

हे मी मोठ्याने वाचलं. माझ्याच तोंडाने, त्याच आवाजात, ज्या आवाजात मी त्यांना भाताचे भाव वाचून दाखवते. एक शब्द गाळला नाही. गाळला असता तर त्यांना कळलं नसतं, पण मग मी तुमच्या बाजूने खोटं बोलले असते. इतकी वर्षं ते काम मी केलं, आता नाही करणार.

वाचून झाल्यावर मी पत्राची घडी घातली. मग सासूबाई म्हणाल्या, "यांना विचार, असल्या पोराला खांद्यावर बसवून कोण नाचलं होतं." मामंजींनी चहा मागितला. मी आत गेले, चहा टाकला आणि तो उतू जाईपर्यंत तिथेच उभी राहिले.

तेव्हा ऐका. हो, मला वाटलं होतं. तुम्ही येतो म्हणालात, झाडाची चौकशी केलीत, आणि मला वाटलं की माणूस दमला असेल. चटया बदलायला झाल्या नव्हत्या. दोन वर्षांपूर्वीच नव्या घातल्या होत्या. किमोनोला हवा मी पावसाआधी कधीच देत नाही, सगळे देतात तशी नंतर उन्हात देते. हे सगळं मी मान ताठ ठेवून लिहितेय. आशा लावून घेतली ती माझी होती, तुमच्याकडे मागायला आले नव्हते. ती काढून टाकायलाही मला तुमचे वडीलधारे नकोत.

मी चालणार नाही. कोबेला तुमच्याबरोबर राहणाऱ्या फुमिकोबाई काठावरून बघणार आणि मी मधली बायको म्हणून तुमच्याबरोबर कमानी चढणार, हे होणार नाही. त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांना काय सांगून आणताय ते तुमचं तुम्ही बघा. उद्याच जाऊन मी निशिओकांना सांगणार आहे.

इकुयो


कामिसे, १२ ऑक्टोबर

तेइजी,

"तमाशा करू नकोस" एवढंच लिहायला टपालाचे पैसे कशाला खर्च केलेत? तमाशा करायला आधी माझं कुणी ऐकायला तरी हवं.

मी निशिओकांकडे गेले. म्हटलं, मी चालणार नाही. ते म्हणाले, "बरं बरं, यंदा उन्हाळा फार झाला." आठवड्याने पुन्हा गेले. समितीची सगळी मंडळी बसली होती. पुन्हा सांगितलं, स्पष्ट, खणखणीत. सगळ्यांनी माना डोलावल्या, बसायला उशी दिली, पेर कापून पुढे ठेवलं. मी गेल्यावर कार्यक्रमाची पत्रकं छापायला दिली. त्यात माझं नाव तुमच्या नावाशेजारी आहे, मोठ्या टायपात. आपलं गाव तुम्हाला माहीतच आहे. इथे कुणी नाही म्हटलं तर त्याला विरोध करत नाहीत. ते म्हटलंच नाही असं धरून चालतात.

"एक तासाचा प्रश्न आहे बाई," निशिओका म्हणतात. "पलीकडच्या काठाला मुरोता आहेत, त्यांच्या घरी तीन जोड्या आहेत. तुम्ही नाही म्हणालात तर मान त्यांच्याकडे जाईल. पलीकडचे लोक पहिले आपल्या काठावर येणार. योहेईबाबांना चालेल का ते? तुम्हीच त्यांना सांगा, मग मी पत्रकं बदलतो."

बघा, कसा बरोबर नेम धरला. माझ्याने मामंजींना सांगवत नाही हे त्यांना ठाऊक आहे. मामंजी तर त्या पत्राविषयी अवाक्षर बोललेले नाहीत. रोज सकाळी चालतात. आता झाडाला हात लावून परत येतात, आणि पायऱ्यांची सवय म्हणून मागच्या दाराची पायरी चढतात, उतरतात. मी भांडी घासताना ते बघते आणि घासलेलंच भांडं पुन्हा घासते. पण माझ्याही आयुष्याला काही किंमत आहे की नाही? की तिन्ही जोड्या उभ्या राहाव्यात म्हणून मधल्या खांबाने आपण वाकलोय हे सांगायचंच नाही?

मिहो आली होती. सासरची सगळी मंडळी बघायला येणार आहेत, नातेवाइकांना निमंत्रणं गेलीत.

"आई, तू आजवर एवढं सोसलंस, अजून एक तास," ती म्हणाली.

"एवढं सोसलं म्हणूनच," मी म्हटलं.

"लोकांना काय सांगू मी?"

"सांग, माझा बाप कोबेला असतो आणि आई डांगो विकते. खरं सांगायला पाठ करावं लागत नाही."

ती रागावून गेली. तिचा नवरा, म्हणजे माझा जावई, दारात थांबून मला इतका वाकून नमस्कार करून गेला की तो नक्की कुणाच्या बाजूने आहे ते मला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळलं नसावं.

तुम्ही येणार हे गावात पक्कं आहे. वर्तमानपत्रवाले येणार हेही तुम्हाला समितीने कळवलेलं दिसतंय, कारण तुमचा उत्साह त्याच पत्रापासून वाढलाय. पूल उभारायला लाकडं वाहिली इथल्या लोकांनी, पुरानंतर चिखल काढला आम्ही, आणि मिरवायला तुम्ही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

शेवटचं सांगते. मी चालणार नाही. कसं, ते मला अजून माहीत नाही.

इकुयो


कामिसे, ३० ऑक्टोबर

तेइजी,

हे पत्र जलद टपालाने टाकतेय, म्हणजे गाडीत बसायच्या आधी तुम्हाला मिळेल. गावाकडून तुम्हाला चार प्रकारांनी कळेल. त्यापेक्षा जिने केलं तिच्याकडून ऐका.

तुम्हाला आठवत असेल, सुतारांना दुपारचा चहा आपल्या दुकानातून जातो. पुलाचं काम सुरू झाल्यापासून मी रोज किटली आणि डांगोचं तबक घेऊन जाते. नदीत खालच्या बाजूला तात्पुरता साकव होता, त्याच्यावरून ये-जा चालायची. आता पूल झाला म्हणून परवा त्यांनी साकव काढून टाकला. आणि काल सुतार सगळे पलीकडच्या काठाला, परांच्या उतरवण्यात गुंतलेले. नाववालाही पलीकडेच नाव बांधून कुठेतरी गेला होता.

मी किटली घेऊन काठावर आले. समोर नवा पूल. तोंडाशी पांढऱ्या कागदांच्या झालरीचा पवित्र दोर बांधलेला, तो तीन तारखेला तीन जोड्यांसाठी सुटणार. सुतार रोज पुलावरून चालतात, पण त्यांचं चालणं कुणी धरत नाही. शिंप्याने नवा सदरा अंगाला लावून बघितला म्हणून तो जुना होत नाही. माझं चालणं मात्र धरलं जाणार हे मला माहीत होतं. कबूल करते, मी ठरवून गेले नव्हते. पण उभी राहिल्यावर ठरवलं. बावरून किंवा चुकून गेले असं जर कुणी तुम्हाला सांगितलं तर ते खोटं आहे.

निशिओका आणि समितीवाले तिथेच शिडीवर चढून कंदील लावत होते. पुजारीही होते, खाली उभं राहून कंदील सरळ आहे की नाही ते सांगत होते.

"बाई, तिकडे कुठे?" निशिओका म्हणाले. "दोर दिसत नाही का?"

"दिसतो," मी म्हटलं, आणि किटली सांभाळत दोराखालून वाकून पलीकडे गेले.

पायात लाकडी चपला होत्या. नव्या फळ्यांवर त्यांचा आवाज एवढा मोठा होईल असं मला वाटलं नव्हतं. पहिल्या कमानीच्या पायऱ्या चढेपर्यंत दोन्ही काठांवरची कामं थांबली होती. मधल्या कमानीच्या माथ्यावर मी थांबले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. किटली जड होती, आणि नदी वरून फार छान दिसत होती, इतकी वर्षं खालून बघून मला ती अशी दिसते हे माहीतच नव्हतं. माझ्या शेजारी कुणी नव्हतं आणि ती जागा रिकामी आहे असंही वाटलं नाही. मग मी तिसरी कमान उतरले.

सासाई मिस्त्रींनी डोक्याचं फडकं काढलं आणि चहाचा पेला हातात घेतला. त्यांनी एवढंच विचारलं, "कसा वाटला?"

"मधल्या कमानीला एक फळी वाजते."

"नवी आहे. एक हिवाळा जाऊ द्या, गप्प बसेल."

सुतारांचा चहा झाला. रिकामी किटली घेऊन मी आले तशी परत आले, त्याच पुलावरून, त्याच आवाजात. अलीकडे समितीवाले शिडीवरून उतरून एका ओळीत उभे होते. चूक झाली म्हणून मी माफी मागेन, याची ते वाट बघत होते. मी म्हटलं, "चहा देऊन आले." निशिओकांचा चेहरा आंबला होता, पण माणूस मोठा हुशार. त्यांनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "आपण सगळे कंदील लावत होतो. कुणी काही पाहिलेलं नाही. बाई नावेने गेल्या आणि नावेने आल्या."

आणि झालं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुजारी आभाळाकडे बघायला लागले. जिच्या पावलांनी दोन काठ थबकले होते ती बाई नावेने गेली. मला वाटलं, संपलं. हे लोक माझा नकार जसा गिळतात तसं माझं चालणंही गिळणार, आणि तीन तारखेला मला किमोनो घालून उभी करणार.

तेवढ्यात पुलाच्या तोंडाशीच असलेल्या आपल्या दुकानाच्या बाकावरून मामंजी बोलले. ते तिथे ऊन खात बसले आहेत हे माझ्या लक्षातच नव्हतं. "मी पाहिलं," ते म्हणाले.

निशिओका जवळ गेले, वाकले. "बाबा, तुम्हाला कुठे दिसतंय?"

"ऐकू येतंय ना. हिच्या चपलांचा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकतोय, पहाटे दुकान उघडते तेव्हापासून. पुलावरून गेला आणि पुलावरून आला. पूल पडला नाही. पहिलं चालणं झालं, निशिओका. दोर सोडा आता."

"अहो, मान तुमचा जातोय. तुमच्याच घराचा."

"माझा होता, म्हणून तर मला देता येतो."

निशिओकांनी शेवटचा प्रयत्न केला. "तीन जोड्यांचं काय मग? एवढं गाव शोधून तुमच्याच घरात सापडल्या होत्या."

मामंजींनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मग म्हणाले, "माझ्या घरात जोडी एकच टिकली. ही माझी म्हातारी आणि ही सून. दोघी रोज भांडतात आणि रोज एकत्र जेवतात. ते तुमच्या नोंदीत नसेल."

सासूबाई आतून बाहेर आल्या होत्या. हात पिठाने भरलेले. मला म्हणाल्या, "यांना सांग, एवढं कळायला यांना इतकी वर्षं लागली." पण त्यांचा आवाज ओला होता आणि त्या लगेच आत गेल्या.

पुजाऱ्यांना आता आभाळाकडे बघत राहणं जमेना. योहेईबाबा म्हणतात तर झालं असंच म्हणायला हवं, असं ते म्हणाले. देवाला दोनदा पहिलं म्हणून सांगता येत नाही. तेव्हा तीन तारखेला तीन जोड्यांचं चालणं होणार नाही, ना आपल्या घरचं, ना मुरोतांचं. पूजा होईल, मिरवणूक होईल आणि पूल सगळ्यांना एकदमच खुला होईल. निशिओका माझ्याशी बोलत नाहीत. मिहोचा निरोप आलाय, त्यात ती अजून रागावलेलीच आहे, पण सणाला येतेय.

मामंजी काल रात्री जेवले नाहीत. त्यांना काय लागलं असेल ते मी जाणते. लहानपणापासून मनात बाळगलेली गोष्ट त्यांनी भर रस्त्यात माझ्यासाठी सोडून दिली, आणि मी तिची भरपाई कधी करू शकणार नाही. म्हणून केलं ते मागे घेईन असं नाही. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा जाईन.

सोबत काडीमोडाचा कागद आहे. तुमच्या शिक्क्याची जागा मोकळी ठेवलीय. आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात, ते मी बाहेर शोधले नाहीत. एक शिक्का मामंजींचा आहे, दुसरा सासूबाईंचा. मी त्यांना विचारलं की यानंतर मी या घरात कोण, तर सासूबाई म्हणाल्या, "सून कुठे जाते? गेला तो मुलगा."

तुमची हाकामा धुऊन ठेवलीय, हवी असेल तर पाठवते. त्या दिवशी यायचंच असेल तर या, फुमिकोबाईंनाही आणा. मिरवणूक खरोखर बघण्यासारखी असते. पुलावर गर्दी फार होईल आणि पोलीस मधे घुसू देत नाहीत, तेव्हा सगळ्यांच्या मागे रांगेत उभं राहावं लागेल.

इकुयो